रेघ राहिली आहे

३ फेब्रुवारी

दादा, लिहायला फार उशीर केला, राग मानू नकोस. इतकी वर्षं एक ओळ नाही आणि आता एकदम वहीच काढून बसलो. हे पत्र नाही. पत्र म्हटलं की पत्ता घालायचा, पेटीत टाकायचं आणि मग उत्तराची वाट बघत जीव टांगणीला लावायचा. ते मला झेपणार नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यात जे भिरभिरत असतं ते रोज कागदावर उतरवा, छातीवरचं ओझं हलकं होईल. ठिपकीने तिच्या कामावर भेट आलेली ही डायरी आणून दिली. पण नुसतं हवेत कसं लिहायचं? कोणाला तरी सांगतोय असं वाटायला हवं. आपलं शिक्षण जेमतेम, तेही तुझ्या जुन्या वह्या पुसून केलेलं. म्हणून तुलाच सांगतो.

ठिपकी आता मोठी झाली. दंतवैद्याकडे नोंदणीच्या टेबलावर बसते. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तू तिला ठिपकी म्हणालास, तेच नाव चिकटलं. तिची आई गेल्यापासून घर तीच चालवते, आणि मलाही तीच चालवते.

आज नगरपालिकेचा माणूस दुकानाच्या दाराखालून कागद सरकवून गेला. शहराच्या हद्दीतला प्रत्येक धंदा, मग तो ओट्यावर चालो की जिन्याखाली, मार्चअखेर नोंदवायचा. नाही नोंदवला तर दुकानाला सील. मी तो कागद उभ्याने वाचला, बसून वाचला, चष्मा पुसून वाचला. सील म्हणजे सीलच.

गंमत बघ. सगळ्या बाजाराच्या पाट्यांवर ‘परवानाधारक’ ही अक्षरं आपण दोघांनी रंगवली. आपल्याला परवाना आहे का, हे कोणी विचारलं नाही आणि आपल्यालाही कधी सुचलं नाही.

५ फेब्रुवारी

नगरपालिकेत जाऊन आलो. परवान्याच्या खिडकीवर एक तरुण कारकून आहे. पेनाचं टोपण दातात धरून बोलतो, म्हणून त्याचं नाव मी मनात टोपण ठेवलंय.

“धंदा कसला, आजोबा?”

“पाट्या रंगवतो. हाताने.”

“अजून?” असं म्हणाला. म्हणजे अजून जिवंत कसे, असा सूर.

मग त्याने बोटांवर मोजत सांगितलं. धंद्याला नाव हवं, ते दुसऱ्या कोणाचं नको. नावाची पाटी दर्शनी भागात हवी. रंग आणि टर्पेंटाइनमुळे आपण ज्वालाग्राही वर्गात येतो, म्हणून वाळूची बादली हवी. जागेचा पुरावा हवा. मी भाडेकरार पुढे केला. तो वाचताना त्याचं टोपण थांबलं.

“यावर दोन नावं आहेत. हे पहिले कोण?”

“माझा थोरला भाऊ.”

“मग त्यांची संमती लागेल. जागेवर दोघांचा हक्क असताना धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर कसा चढवू?”

“तो परगावी असतो, मुलाकडे. आमचं बोलणं नाही.”

“बोलू नका. सही आणा. आणि ते हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणा. दोन्हीपैकी एक कागद आला की फाइल पुढे सरकेल. तिसरा रस्ता नाही.”

दादा, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “तोंड सांभाळा. माझा भाऊ ठणठणीत आहे.”

“अहो, मी नियम सांगतोय, शाप देत नाही,” तो म्हणाला. मागच्या रांगेत लोक हसले. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

६ फेब्रुवारी

ठणठणीत म्हणायला नको होतं. कोणाची तरी दृष्ट लागायची. ‘बरा आहे’ एवढंच म्हणायला हवं होतं. आणि मला तरी काय ठाऊक? तुझे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. तू अजून पाटावर मांडी घालून काम करतोस का? डोळे कसे आहेत?

ठिपकी म्हणाली, “बाबा, मी बघते. तुमच्या पुतण्याचा नंबर मिळवते, सही घेऊन येते. तुम्ही नुसते शांत बसा.”

मला कधी शांत बसता आलंय का? तूच म्हणायचास, याला कुंभारानं चाकावरून उतरवलंच नाही, हा अजून फिरतोय.

११ फेब्रुवारी

पाटी करायला घेतली. नाव काय द्यायचं याचा विचारच करावा लागला नाही. सगळा बाजार आपल्याला ज्या नावाने हाक मारायचा तेच: ‘थोरले-धाकटे पेंटर’. टोपण म्हणाला, नाव दुसऱ्या कोणी घेतलंय का ते तपासावं लागेल. मी म्हटलं, असलं नाव घ्यायला आधी भाऊ असावा लागतो.

पिवळी जमीन, काळी अक्षरं. हात थरथरतो, पण अक्षर भरायला लागलो की थांबतो. ठिपकीला हे खरं वाटत नाही. दिवसभर बसून सगळी अक्षरं भरली. आणि मग ब्रश धुऊन ठेवला.

शेजारचा किल्लीवाला डोकावला. तुला आठवत असेल, दात पुढे, हसला की आधी दातच येतात.

“काका, अक्षरांची डोकी कुठे गेली? सगळी बोडकीच!”

“शिरोरेषा राहिली आहे. ती नंतर.”

“जग आधी रेघ ओढतं आणि मग तिला अक्षरं टांगतं. तुमचं सगळं उफराटं.”

“आमची रीतच तशी,” मी म्हटलं.

त्याला काय सांगू. अक्षरं मी भरायची आणि शेवटची रेघ तू ओढायचीस. पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात, श्वास रोखून. तू श्वास सोडलास की मीही सोडायचो. गिऱ्हाईकसुद्धा श्वास रोखून उभं राहायचं. तू गेल्यावर मी दोरी ताणून, पट्टी लावून रेघा ओढल्या. पैसे घेतले, पण त्या रेघा मेलेल्या होत्या. आपल्या स्वतःच्या पाटीवर पट्टीची रेघ नको. तू सही करायला येशील तेव्हा ती पण ओढून जा.

छपाईचं यंत्र घ्यायचं की नाही, एवढ्यावरून आपण तुटलो, दादा. तू म्हणालास घेऊ, मी म्हणालो नको. तू यंत्र घेतलं नाहीसच, आणि माझ्याकडे कामं राहिली नाहीत. म्हणजे दोघेही हरलो. मग आता भांडण कोणाशी उरलंय?

१४ फेब्रुवारी

ठिपकीला नंबर मिळाला. जिन्यात उभी राहून फोनवर बोलत होती. मी दाराशी होतो, पण तिचा आवाज एकदम खाली गेला. मग बराच वेळ तिकडूनच कोणी बोलत असावं. वर आली तेव्हा तोंड धुऊन आली होती, पदराला पाण्याचे थेंब.

“काय म्हणाला? आहे का दादा घरी? फोनवर आला का?”

“बाबा, जरा बसा. मला तुमच्याशी मोठ्या काकांबद्दल...”

“आधी सही देतोय की नाही ते सांग. आढेवेढे घेतोय ना? मला ठाऊकच होतं. त्याला सांग, जागा तूच घे, पण—”

तिने पदराने तोंड पुन्हा पुसलं. मग म्हणाली, “नाही हो. आढेवेढे नाहीत. काम होईल.”

एवढं साधं सांगायला बसा कशाला म्हणायचं? माझी छाती उगाच धडधडली. तिने गोळी दिली.

१७ फेब्रुवारी

आज मला एक गोष्ट कळली आहे आणि ती मी फक्त तुला सांगतो. मला काहीतरी मोठं झालं आहे.

डॉक्टर तपासायला आले होते. जाताना ठिपकी त्यांना दारापर्यंत सोडायला गेली, आणि दोघं कुजबुजत राहिली. मला एवढंच ऐकू आलं: “इतक्यात नको. हृदयाला हिसका बसेल. कलाकलाने सांगा.” मी डोळे मिटून पडून राहिलो. ठिपकी आत आली, माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि तिथेच पायाशी बसली.

म्हणजे दिवस भरत आले असावेत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण तिला कळू द्यायचं नाही की मला कळलंय. तेवढं नाटक मला जमेल. आता मात्र परवाना झालाच पाहिजे. मी गेल्यावर दुकान तुझ्याकडे नीट यायला हवं. सील लागलेली जागा भावाच्या हाती देऊन जायचं म्हणजे काय!

२१ फेब्रुवारी

ठिपकी स्वतः तुझ्या गावी गेली. मीही निघालो होतो. चपला घातल्या होत्या. पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलंय आणि तिने चपला उचलून माळ्यावर ठेवल्या. आपली आई करायची तसं.

निघताना तिला सांगितलं, “तो चिडला तर वाद घालू नकोस. सही मागण्याआधी एवढंच सांग, की रेघ राहिली आहे. त्याला बरोबर कळेल.”

ती उंबऱ्यात उभी होती. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“सांगशील ना?”

“सांगते, बाबा,” म्हणाली, आणि मागे न बघता जिना उतरली.

२३ फेब्रुवारी

ठिपकी आली! दादा, काय सांगू तुला.

डोळे सुजलेले. बसमध्ये खिडकी बंद होत नव्हती, धूळ गेली म्हणाली. मी तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

“भेटला? काय म्हणाला?”

“काही म्हणाले नाहीत.”

“रागावला होता?”

“नाही, बाबा. राग अजिबात नव्हता.”

“माझा निरोप?”

“सांगितला. जवळ उभी राहून सांगितला.”

“थकलाय का खूप? कसा दिसतो?”

“भिंतीवरच्या फोटोत तर अगदी तुमच्यासारखे दिसतात. हसतायत.”

घ्या! माणूस समोर बसलेला असताना ही बया भिंतीवरचे फोटो बघत होती. मी तसं म्हटलं तर ती हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

मी म्हटलं, सही दाखव. तर कागद तिने येता येता थेट खिडकीवर देऊन टाकला म्हणे. “कागद लागला, बाबा. आता काही अडणार नाही.”

मग तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. “हे तुमच्या पुतण्याने दिलं. म्हणाला, तुमच्याकडेच असू दे.” तुझा रेघेचा ब्रश! दांड्याला तुझ्या दातांच्या खुणा तशाच. केस तेल लावून जपलेले. मी तो गालावरून फिरवला. ठिपकी उठून स्वयंपाकघरात गेली, भांडी उगाच वाजवत राहिली.

तिला वाटत असेल, म्हाताऱ्याला एका ब्रशाचं एवढं काय. तिला आपली रीत कुठे माहीत? बाहेरगावचं काम निघालं की तू ब्रश माझ्याबरोबर पुढे पाठवायचास आणि मागच्या गाडीने यायचास. गिऱ्हाईक विचारायचं, थोरले कुठे? मी ब्रश दाखवायचो. ब्रश आला म्हणजे माणूस वाटेत आहे.

दादा, कळला हो तुझा निरोप.

२ मार्च

तपासणीला नगरपालिकेच्या बाई आल्या होत्या. वाळूची बादली बघितली. तीत किल्लीवाल्याच्या मांजराने आपला कार्यभाग उरकला होता. किल्लीवाला म्हणाला, “बाई, आग लागली तर वासानेच विझेल.” बाईही हसल्या. टर्पेंटाइनचा डबा खिडकीपासून दूर ठेवायला सांगितला. मग पाटीपाशी थांबल्या.

“नाव वाचता येतंय, पण पाटी अर्धवट दिसते.”

“पुरी होणार आहे,” मी म्हटलं. “भाऊ निघालाय. ब्रश पुढे आलासुद्धा.”

बाईंनी ठिपकीकडे पाहिलं. ठिपकी बादलीतली वाळू बदलत होती, तिने मान वर केली नाही. किल्लीवाला एरवी माझं एक वाक्य फुकट जाऊ देत नाही. तोही आपल्या दुकानात जाऊन कानस घासत बसला. आजकाल सगळेच माझ्याशी मवाळ वागतात. माझ्या दुखण्याची बातमी बाजारात पसरली असणार.

९ मार्च

सह्या करायला बोलावलं होतं. टोपण मला बघून उठून उभा राहिला. टोपण तोंडातून काढून खिशात ठेवलं. “या काका, आत बसा,” म्हणाला आणि पाणी मागवलं. परवाचा आजोबा आज काका झाला. तुझी सही बघून वचकला असेल. तुझ्या सहीची वेलांटी आहेच तशी.

अर्जात शेवटी एक रकाना होता: मालकाच्या पश्चात वारसदार. ठिपकी हळूच म्हणाली, “बाबा, माझं लिहा ना.”

मी म्हटलं, “तू दात मोजणाऱ्यांकडे बसतेस, तुला रंगातलं काय कळतं? माझ्यामागे दादा.” आणि टोपणला तुझं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.

त्याने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. एकदा ठिपकीकडे बघितलं, एकदा फाइलकडे.

“काका, हा रकाना कोरा ठेवला तरी चालतो.”

“कोरा कशाला? माणूस आहे ना माझा.”

“मग आपण नंतर भरू,” तो म्हणाला. आवाज असा, जसं काही त्याचंच काहीतरी चुकलंय. पोरगा वाईट नाही. त्या दिवशी मी उगाच ओरडलो त्याच्यावर.

२० मार्च

दारावर जाहीर सूचना डकवली आहे. या जागी हा धंदा नोंदवण्यास कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.

मी रोज दारात खुर्ची टाकून बसतो. कोणी हरकत घेतली नाही. किल्लीवाल्याला म्हटलं, तू तरी घे, मांजराच्या वतीने. तो हसला नाही.

एक सांगू? मला वाटत होतं, तू घेशील. संमती दिलीस हे खरं, पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. रंग वाळल्यावर तुला चुका दिसतात. ‘धाकट्याने परस्पर सगळं ठरवलं’ म्हणून एक खरमरीत कागद येईल, खाली तुझी सही. मी तो डोक्यावर घेऊन नाचलो असतो. बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर पांढऱ्या केसांचा कोणी दिसला की मी अर्धा उठतो.

गुडघ्यांमुळे तुला वेळ लागत असेल.

२९ मार्च

परवाना आला, दादा. शिक्क्यासकट. काचेत बसवून घेतलाय.

पण त्यात मालक म्हणून माझं एकट्याचंच नाव आहे. भाडेकरारावरही आता मी एकटा. मी खिडकीवर जाऊन विचारलं, इथे चूक झालीय, आम्ही दोघं आहोत. टोपण म्हणाला, “चूक नाही, काका. आता सगळं तुमच्या एकट्याच्याच नावावर असतं.”

म्हणजे तू हक्क सोडलास. मी संमती मागितली होती, तुझा वाटा मागितला नव्हता रे. असं का केलंस? अजून मनात आहे का काही? राग नव्हता म्हणाली ठिपकी, मग हे काय?

संध्याकाळी ठिपकी दुकानात आली. पाटी भिंतीला टेकवलेली होती, अक्षरं तशीच बोडकी. ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. तुझा ब्रश माझ्या हातात दिला आणि माझा हात तिच्या दोन्ही हातांत धरला.

“बाबा, रेघ तुम्हीच ओढा.”

“माझं काम ते नाही.”

“बाबा, ऐका माझं. काका आता येणार नाहीत.”

“तुला काय कळतं?” मी म्हटलं. “ब्रश आलाय.”

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लहानपणी ताप आला की टेकायची तसं. शर्ट ओला झाला. पोर माझ्या दुखण्याने खचली आहे. मी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हटलं, “वेडे, मी इतक्यात कुठे जातोय? दादा आल्याशिवाय मला जाता येईल का?”

ती गेल्यावर मी पाटी आडवी केली. काळा रंग घोटून पातळ केला, तुला लागतो तेवढा. ब्रश शेजारी ठेवला. पाट झटकून ठेवला, गुडघ्यांखाली घ्यायला उशीही ठेवली आहे.

उद्यापासून ही वही बंद आणि पत्र सुरू. पत्ता ठिपकीकडे आहे, ती घालेल. तू यावंस हे बरं. येणं होत नसेल तर तसं लिही. हरकत असेल तर हरकत लिही. चार शिव्या लिही. पण कळव, दादा, आणि लवकर कळव. डब्यावर झाकण घट्ट लावलं तरी रंगावर साय धरायला लागते, आणि रोज ती काढून टाकताना रंग थोडा थोडा कमी होतो.